एक टक्का

आईची एक अंगठी माझ्याकडे आहे. सोन्याची, बारीक घडणीची, वर एक लाल खडा. आई त्याला माणिक म्हणायची, म्हणून आम्हीही माणिकच म्हणत आलो. आई गेल्यावर काही वर्षांनी अंगठी जरा मोठी करून घ्यावी म्हणून सराफाकडे नेली. त्याने डोळ्याला भिंग लावलं, खडा फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाला, "बाई, सोनं चोख आहे. खडा मात्र कारखान्यातला. त्याचं काही येणार नाही." मला काही विकायची नव्हती, तरी मन खट्टू झालं. घरी येऊन अंगठी डबीत टाकली ती टाकलीच.

गेल्या दिवाळीत माझा भाचा आला होता. तो इंदूरला असतो आणि लेसरच्या स्फटिकांवर काम करतो. त्याचं काम नेमकं काय हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मी कधी नीट विचारलंही नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, त्याने सांगितलं तरी मला काय कळणार, असं वाटायचं. बोलता बोलता आजीच्या अंगठीचा विषय निघाला. मी सराफाचं बोलणं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, तुझ्याकडे तो नोटा तपासायचा टॉर्च आहे ना, तो आण."

दिवे घालवले. टॉर्चचा जांभळट प्रकाश खड्यावर पडला मात्र, खडा निखाऱ्यासारखा फुलला! जांभळा प्रकाश आत जातोय आणि लालभडक बाहेर येतोय. इतकी वर्षं डबीत पडलेल्या खड्यात हे होतं आणि मला पत्ताच नव्हता.

"हे माणिकच आहे," तो म्हणाला, "जमिनीतलं नाही, भट्टीतलं आहे, इतकंच."

मग त्याने सांगितलं. माणिक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. चाकूला धार लावायचा कुरुंद असतो ना, तोच पदार्थ. त्यात क्रोमियमचा किंचित अंश मिसळला की तो लाल होतो. १९०२ साली व्हेर्नॉय नावाच्या एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वाळेत भुकटी वितळवून माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. तेव्हापासून घड्याळात बसवायला आणि स्वस्त अंगठ्यांत घालायला अशी माणकं कारखान्यांत तयार होऊ लागली. आणि गंमत म्हणजे जमिनीतल्या माणकांत लोखंडाचा अंश जास्त असला तर ती अशी फुलतच नाहीत, मंद पडतात. क्रोमियमने घेतलेला प्रकाश लोखंड मधल्या मध्ये पळवतं आणि त्याची उष्णता करून टाकतं. म्हणजे सराफाच्या हिशेबात भारी ठरणारा खडा या परीक्षेत नापास होऊ शकतो आणि आईचा खडा पास!

"आणि मावशी, आमचं काम म्हणजे हेच. किती प्रकाश आत गेला आणि त्यातला किती परत बाहेर आला, ते मोजायचं."

मला वाटलं, एवढंच? हे काय शाळेतल्या जमाखर्चासारखं झालं. पण तसं नाही हो. पुढचे दोन तास आमचा फराळ तसाच राहिला. मला जे आणि जसं समजलं ते सांगते. शास्त्र शिकलेल्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पहिली गोष्ट म्हणजे मोजायचे असतात ते प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन. स्फटिकाने शंभर कण गिळले आणि नव्वद परत दिले तर त्याची क्वांटम कार्यक्षमता नव्वद टक्के. पण दिलेला कण आणि घेतलेला कण सारखे नसतात. हिरवा कण घेऊन माणिक लाल कण देतं. लाल कणाचं मोल हिरव्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी. ही तफावत उष्णता होऊन स्फटिकातच राहते. म्हणजे एकही कण न चोरणारा स्फटिकसुद्धा थोडा तापतोच. ती त्याची लबाडी नव्हे.

खरी अडचण पुढेच आहे. आत जाणारा प्रकाश एका बाजूने जातो, पण बाहेर येणारा चहूकडे फेकला जातो. पुढे, मागे, वर, खाली. तुम्ही एका बाजूला उपकरण धरून बसलात तर त्यात कितीसा सापडणार? मग बाकीचा अंदाजाने धरायचा, आणि अंदाज चुकला की सगळंच चुकलं. यावर उपाय म्हणून एक पोकळ गोळा वापरतात. आतून पांढराशुभ्र. त्याला बेरियम सल्फेटसारख्या पदार्थाचा लेप असतो. पोटाच्या एक्स-रेच्या आधी प्यायला देतात तेच बेरियम! ताज्या चुन्याच्या खोलीत एक दिवा लावला की कोपरान् कोपरा उजळतो, तसं त्या गोळ्यात होतं. स्फटिकातून प्रकाश कुठल्याही दिशेने निघो, भिंतींवर आपटत आपटत तो सगळीकडे सारखा पसरतो. मग एका बारीक भोकातून पाहिलं तरी एकूण किती आहे ते कळतं.

आणि तरी एकदा मोजून भागत नाही. तीनदा मोजतात. आधी गोळा रिकामा. मग स्फटिक आत ठेवून प्रकाशाचा झोत मात्र भिंतीवर. कारण भिंतीवरून उडालेला प्रकाशही स्फटिक थोडा गिळतो आणि चमकतो, त्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो. आणि तिसऱ्यांदा झोत थेट स्फटिकावर. मी म्हटलं, "म्हणजे वाणी तेल मोजायच्या आधी भांड्याचा धडा करून घेतो, तसं." भाचा खूष झाला. म्हणाला, "अगदी तस्संच."

दुसरीही एक रीत आहे. प्रकाशाचा झपकारा द्यायचा आणि नंतर स्फटिक किती वेळ चमकत राहतो ते पाहायचं. माणिक सेकंदाच्या साधारण तीन हजारांशाएवढा वेळ चमकतं. मध्ये कुणी चोर असेल तर चमक लवकर विझते. पण इथेही एक फसगत आहे. स्फटिक जाड असला तर त्याने बाहेर टाकलेला लाल प्रकाश वाटेतच त्याचेच दुसरे अणू गिळतात आणि पुन्हा बाहेर टाकतात. त्यामुळे चमक जास्त वेळ टिकल्यासारखी दिसते. भाच्याच्या शब्दांत सांगायचं तर "जाड तुकडा बढाया मारतो". म्हणून खरं काय ते पाहायला त्याची पातळ चकती करतात, नाहीतर भुकटीच करतात.

आणि तिसरी रीत मला सगळ्यांत आवडली. जो प्रकाश बाहेर येत नाही त्याची उष्णता होते ना? मग उष्णताच मोजा! १९९५ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी यटर्बियम नावाचं द्रव्य घातलेल्या काचेवर लेसर सोडला आणि ती काच चक्क थंड झाली. बाहेर पडणारे कण आत गेलेल्या कणांपेक्षा सरासरीने किंचित जास्त मोलाचे होते. ती जास्तीची भर काचेतल्या उष्णतेतून गेली. पण हे जमायला जवळजवळ प्रत्येक कण परत यावा लागतो. शंभरात एखाद-दोन जरी वाटेत हरवले तरी काच थंड व्हायच्या ऐवजी तापेल. म्हणजे ती थंड झाली हाच पुरावा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले तिकडे वळते.

भाच्याने पहिल्या लेसरची गोष्ट सांगितली. १९५९ साली जगातल्या बऱ्याच प्रयोगशाळा प्रकाशाचा लेसर बनवायच्या मागे होत्या. माणकावरही विचार चालू होता. पण एका प्रयोगशाळेने माणकाची कार्यक्षमता मोजून छापली होती. किती? एक टक्का! शंभर कण घेतो आणि एक परत देतो. त्यात माणकाची आणखी एक खोड अशी की लेसर चालायला त्यातले अर्ध्याहून जास्त अणू एकाच वेळी उत्तेजित ठेवावे लागतात. त्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यात भरलेल्या परिषदेत आर्थर शॉलो यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने गुलाबी माणकाचं हे काम व्हायचं नाही असं सांगितलं. झालं. माणकाच्या प्रगतिपुस्तकात शेरा पडला.

कॅलिफोर्नियात ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन नावाचा तिशीतला माणूस काम करत होता. माणकाशी त्याची जुनी ओळख होती. तो एक टक्का त्यानेही आधी खराच मानला होता. आणि मला महत्त्वाचं वाटलं ते इथेच. मेमनला माणकाचा कळवळा नव्हता. आपण दुसरा चांगला स्फटिक शोधू, पण त्याआधी माणकातले नव्याण्णव कण जातात कुठे ते तरी पाहू, म्हणजे नव्या स्फटिकात काय टाळायचं ते कळेल, असा त्याचा सरळ हिशेब होता. म्हणून त्याने स्वतः मोजायला घेतलं. एकेक वाट तपासली. आणि हरवलेले कण त्याला सापडेचनात, कारण ते हरवलेलेच नव्हते! त्याच्या मोजणीत कार्यक्षमता पंचाहत्तर टक्क्यांच्या घरात आली.

एक आणि पंचाहत्तर. तेच माणिक. बदलला तो फक्त मोजणारा.

मग त्याने फोटो काढायच्या फ्लॅशसारखा पण मळसूत्री नळीचा दिवा आणला, मधोमध बोटाच्या पेराएवढं माणिक बसवलं आणि १६ मे १९६० रोजी जगातला पहिला लेसर चालू झाला. ते माणिकसुद्धा कारखान्यातलं बरं का, आईच्या खड्याचंच भावंड. त्याने त्यावर लिहिलेला लेख अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला. शेवटी तो ६ ऑगस्ट १९६० च्या 'नेचर'मध्ये छापून आला, जेमतेम पानभराचा. १९६४ चं नोबेल पारितोषिक या विषयाला मिळालं, पण त्या तीन नावांत मेमन नव्हता. तो २००७ साली गेला.

भाचा झोपायला गेला. मला काही झोप येईना. कानात एकच शब्द घुमत होता... एक टक्का.

१९८३ सालची गोष्ट. खानदेशातल्या एका गावात मी शिकवत होते. वर्ग आठवी, विषय मराठी. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. नाव लिहीत नाही. घरी अहिराणी बोलणारा. वर्गात तोंड उघडायचा नाही. वही अर्धी कोरी. निबंध लिहायला सांगितला की चार ओळी, त्याही अहिराणी वळणाच्या. मी लाल शाईने सगळ्या खोडायची. सहामाहीत निबंधाला वीसपैकी तीन. वार्षिकला पुन्हा तीन.

आता माझी खरी चूक सांगते. एकदा संध्याकाळी शाळा सुटल्यावर माझी छत्री वर्गात राहिली म्हणून मी परत आले. पटांगणातल्या निंबाखाली हा मुलगा लहान पोरांना गोष्ट सांगत होता. अहिराणीत. दहा-बारा पोरं तोंडाचा आ करून ऐकत होती. एका राक्षसाचा आवाज, एका म्हातारीचा, मध्येच बैलाचा. कुठे थांबायचं, कुठे हळू बोलायचं, सगळं त्याला कळत होतं. मी भिंतीआड उभी राहून पाच-दहा मिनिटं ऐकलं. छान वाटलं. छत्री घेतली आणि घरी गेले.

आणि दोन महिन्यांनी त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, "भाषेत गती नाही. पुढील शिक्षणात विशेष प्रगतीची शक्यता कमी."

निंबाखाली जे ऐकलं ते आणि हा शेरा, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझं उपकरण एकच होतं, निबंधाची वही. त्यात जेवढा पडेल तेवढाच प्रकाश. माणिक डोळ्यांदेखत लाल फुललेलं होतं आणि मी आकडा पाहून एक टक्का लिहिला.

जूनमध्ये तो शाळेत आला नाही. चौकशी केली तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मुलाने सांगितलं, "बाई, तो काकासोबत सुरतला गेला. त्याच्या बापाने दुकानदाराकडून प्रगतिपुस्तक वाचून घेतलं. म्हणाला, बाईंनीच लिहिलंय तर मग कशाला वेळ घालवायचा."

त्यांच्या घरी गरिबी होतीच. शेरा नसता तरी कदाचित तो सुरतला गेला असता. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण "बाईंनीच लिहिलंय" हे वाक्य काही पुसलं जात नाही. पुढे त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. आता तोही पन्नाशीच्या पुढे असेल.

आणि दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. माझ्याकडे अठरा-अठरा गुण मिळवणारीही मुलं होती. मी शिकवलेलं आणि गाईडातलं वाक्य जसंच्या तसं मला परत द्यायची. माझाच प्रकाश आतल्या आत फिरून माझ्याकडे यायचा आणि मी खूष व्हायची. 'जाड तुकडा बढाया मारतो' हे भाच्याने सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. रात्री नाही आलं.

सकाळी चहा घेताना मी भाच्याला हे सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मला वाटलं आता म्हणेल, "जाऊ दे मावशी, इतकं मनाला लावून घेऊ नकोस." सगळे तेच म्हणतात. तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे आकडा कमी आला ना, की आधी आम्ही स्फटिकाला दोष देत नाही. आधी स्वतःची मांडणी तपासतो. मग दुसऱ्या रीतीने मोजतो. दोन रीतींनी एकच उत्तर आलं तरच लिहितो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तरीही चुकतं कधी कधी."

मुलांवर विश्वास ठेवा, प्रत्येकात काहीतरी असतंच, अशी भाषणं मी शिक्षकदिनाला खूप ऐकली आणि दिलीही. ती करूनच तो शेरा लिहिला होता. मेमनचा माणकावर विश्वास नव्हता. त्याने फक्त दुसऱ्याने लिहिलेला आकडा उचलून पुढे न नेता पुन्हा मोजलं, सगळ्या बाजूंनी. मला त्या मुलावर माया करायची गरज नव्हती. एकदा त्याला उभं करून "तुला येते ती गोष्ट सांग, तुझ्या भाषेत सांग" एवढं म्हटलं असतं आणि त्याचे गुण त्या वहीत धरले असते तरी आकडा बदलला असता. पाच मिनिटांचं काम होतं.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांची तीन-चार मुलं संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येतात. त्यातल्या एकीला मी गेल्या महिन्यापर्यंत 'जरा मंदच आहे' असं मनातल्या मनात म्हणत होते. दिवाळीनंतर वही बाजूला ठेवून तिला बोलायला लावलं. ती फार काही बोलली नाही. उगाच चमत्कार झाला असं सांगणार नाही. पण मी अजून शेरा लिहिलेला नाही. दुसऱ्या रीतीने मोजायचं बाकी आहे.

अंगठी त्याच दिवशी डबीतून काढली. जरा घट्ट होते, पण करंगळीत बसते. मुलांना दिवे घालवून टॉर्चने खडा दाखवला तेव्हा सगळी एकदम ओरडली. त्या मुलीने हळूच विचारलं, "आजी, हा दिवसापण असाच असतो का आतून?"

मी म्हटलं, "हो गं. दिवसापण."